ठासणीच्या बंदुकीचा पहिला बार

मराठीत 'बार' हा शब्द दोन अर्थांनी येतो. बंदुकीत भरलेली दारू म्हणजे बार आणि ती पेटल्यावर होणारा आवाज म्हणजेही बारच. काडतुसाच्या बंदुकीने या दोन अर्थांची फारकत केली. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी हे सारे कारखान्यातूनच एका नळकांड्यात बंद होऊन येते. बंदूक चालवणाऱ्याने फक्त चाप ओढायचा. ठासणीच्या बंदुकीत मात्र बार भरणारा आणि बार उडवणारा एकच असतो. दारू मोजायची, नळीच्या तोंडातून आत ओतायची, तिच्यावर गोळी गजाने ठासायची, बंदुकीच्या कानात रंजक घालायची आणि मग चाप ओढायचा. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवाना घेऊन ठेवलेल्या अशा बंदुका आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील.

अमेरिकेत या जुन्या बंदुकीचा आज खेळ झाला आहे. तिथल्या हौशी नेमबाजांची राष्ट्रीय संघटना १९३३ साली स्थापन झाली. पेनसिल्व्हेनिया राज्यात चकमकीच्या बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा स्वतंत्र हंगाम १९७४ पासून ठेवला जातो. घरी आधुनिक रायफल असलेली माणसेही मुद्दाम ही बंदूक हाती घेतात, आणि तिचा पहिला बार सहसा विसरत नाहीत. चाप ओढल्यावर क्षणभर काहीच होत नाही. मग डोळ्यांजवळ भपका उठतो, खांदा मागे ढकलला जातो, आणि समोरचे लक्ष्य पांढऱ्या धुरात नाहीसे होते. बंदूक साफ करायला घेतली की हात काळे होतात आणि सडक्या अंड्यांचा वास येतो.

हा थरार नेमका कशाचा आहे, याचा या लेखात आम्ही विचार करणार आहोत. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक अनुभवामागे शाळेत शिकवला जाणारा एखादा नियम आहे. आणि हे नियम एकापुढे एक मांडत गेलो, तर आपण १८५७ सालच्या मेरठपर्यंत जाऊन पोहोचतो.

बार भरताना

आपण पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या नेमबाजीच्या मैदानावर उभे आहोत आणि जाणकार शिक्षक शेजारी आहेत, असे समजू. हातात चकमकीची लांब रायफल आहे. अठराव्या शतकात जर्मनीहून आलेल्या कारागिरांनी याच प्रांतात तिला हे रूप दिले. नळीची लांबी सुमारे एक मीटर आणि आतला व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. गोळी शिशाची, वाटोळी, १२.४ मिलिमीटर व्यासाची. शिशाची घनता दर घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम धरून विद्यार्थ्यांना तिचे वजन काढता येईल. ते सुमारे सव्वाअकरा ग्रॅम येते.

दारू मापाने घ्यायची असते. आपण साडेचार ग्रॅम घेऊ. दारूच्या डब्यातून ती थेट नळीत ओतायची नाही, हा पहिला धडा. आधीच्या बाराची एखादी ठिणगी नळीत धुमसत राहिली असेल, तर ओतताना पेट घेणारी दारू मापाएवढीच असावी, डबाभर नसावी.

आता नळीच्या तोंडावर तेलकट चिंधीचा गोल तुकडा ठेवायचा, त्यावर गोळी ठेवायची आणि दोन्ही गजाने खाली न्यायची. चिंधी दोन कामे करते. गोळी आणि नळी यांच्यातली फट ती बुजवते, त्यामुळे वायू बाजूने निसटत नाही. आणि नळीतल्या सर्पिल खाचांत ती अडकत असल्याने गोळीला स्वतःभोवती फिरायला लावते. फिरती गोळी भोवऱ्यासारखी स्थिर राहते. गोळी दारूला टेकेपर्यंत ठासायची, हा दुसरा धडा. ती मध्येच राहिली आणि खाली पोकळी उरली, तर बार उडताना तिथे दाब एकाएकी वाढून नळी फुगू शकते, फाटूही शकते. म्हणून अनुभवी लोक गजावर एक खूण करून ठेवतात. बार नीट भरला असेल, तर ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते.

या खुणेचे महत्त्व किती, ते गेटिसबर्गच्या लढाईने दाखवून दिले. जुलै १८६३ मधल्या या तीन दिवसांच्या लढाईनंतर रणांगणावरून २७,५७४ बंदुका गोळा केल्याची नोंद आहे. त्यांतल्या सुमारे २४,००० भरलेल्या होत्या. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत एकावर एक असे दोन बार होते, आणि एका बंदुकीत तर तेवीस. आजूबाजूला हजारो बंदुका कडाडत असताना आपला बार उडाला की नाही, हे सैनिकाला कळत नसे. हात मात्र शिकवलेली क्रिया करत राहत.

खट्, फुस्स, धडाम

शेवटी नळीच्या बाजूला असलेल्या छोट्या पाळ्यात, म्हणजे बंदुकीच्या कानात, चिमूटभर बारीक दारू घालायची. हीच रंजक. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, त्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादी पट्टीवर घासते आणि ठिणग्या रंजकीवर पडतात. या ठिणग्या गारेच्या नसतात. गार पोलादाचे सूक्ष्म कण खरवडून काढते. ते घर्षणाने तापलेले असतात आणि हवेत आले की पेटतात. आपल्याला दिसते ते जळणारे लोखंड. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर दुरून चिमूटभर लोखंडाचा कीस शिंपडला, तर वर्गातही तशाच ठिणग्या दिसतात. तोच खिळा अखंड धरला तर नुसता लाल होतो. फरक आहे तो हवेशी संपर्क येणाऱ्या पृष्ठभागाचा.

रंजक पेटली, की तिची आच एका बारीक छिद्रातून नळीतल्या दारूपर्यंत पोहोचते. छिद्र बुजलेले असेल तर रंजक भपकन जळून जाते आणि बार काही होत नाही. अशा वेळी बंदूक लगेच खाली घ्यायची नाही. आत काही धुमसत असेल तर बार उशिराने उडू शकतो. नळी लक्ष्याकडेच रोखून निदान मिनिटभर थांबायचे, हा तिसरा धडा.

सारे सुरळीत झाले, तर चाप ओढल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत सेकंदाचा सुमारे विसावा ते दहावा भाग जातो. यातला गोळीच्या प्रवासाचा वाटा किती? गोळी सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने बाहेर पडते असे धरू. शून्यापासून तिथवर वेग सारखा वाढला असे मानले, तर नळीतला सरासरी वेग २५० मीटर येतो. म्हणजे मीटरभर नळी ओलांडायला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. उरलेला सगळा वेळ घोडा, ठिणगी, रंजक आणि छिद्र यांनी खाल्लेला असतो. पहिल्यांदा बार काढणाऱ्याला ही पायरीपायरीची क्रिया कानांनी ऐकू येते: खट्, फुस्स, धडाम. तेवढ्या अवधीत पुढच्या धडाक्याच्या धास्तीने त्याचा खांदा आक्रसतो, डोळे मिटतात आणि नेम चुकतो. चाप ओढल्यानंतरही नजर माशीवरून हलू द्यायची नाही, हे या बंदुकीतले सगळ्यांत अवघड कौशल्य.

हा उशीर टाळण्याची युक्ती काढली ती स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाने. अलेक्झांडर फोरसाइथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता, आणि रंजकीचा भपका दिसताच पक्षी सावध होत. आघाताने पेटणारी फुलमिनेट संयुगे वापरून त्यांनी १८०७ साली पेटंट घेतले. पुढे याच कल्पनेतून तांब्याची टोपी आली आणि चकमक मागे पडली.

दारू जळते म्हणजे काय होते

सोरा, कोळसा आणि गंधक हे बंदुकीच्या दारूचे तीन घटक. जळण्याचे पदार्थ म्हणजे कोळसा व गंधक. आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन सोऱ्यात, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमध्ये, बांधलेला असतो. म्हणूनच बंद नळीत, बाहेरच्या हवेवाचून दारू जळू शकते. हा सोरा एके काळी बिहारमधून जगभर जात असे. गोठ्यांच्या आणि जुन्या वस्त्यांच्या आसपासच्या मातीत मलमूत्रातल्या नायट्रोजनचे जिवाणू नायट्रेट करतात. ती माती खरवडून, धुऊन, पाणी आटवून नोनिया समाजाचे लोक सोरा काढत. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातला तो एक मोठा जिन्नस होता.

दारूचे सर्वांत सोपे समीकरण असे मांडतात: पोटॅशियम नायट्रेटचे दोन रेणू, गंधकाचा एक अणू आणि कार्बनचे तीन अणू यांपासून पोटॅशियम सल्फाइडचा एक रेणू, नायट्रोजनचा एक आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू. अणुभार वापरून हिशेब केला, तर २०२ ग्रॅम सोरा, ३२ ग्रॅम गंधक आणि ३६ ग्रॅम कार्बन, असे एकूण २७० ग्रॅम मिश्रण होते. यात सोरा पाऊण हिस्सा येतो. अणूंची कल्पना येण्याच्या कितीतरी आधी, निव्वळ अनुभवाने कारागीर जवळजवळ याच प्रमाणावर पोहोचले होते.

या २७० ग्रॅमपैकी ११० ग्रॅम पोटॅशियम सल्फाइड होते, आणि ते स्थायू आहे. म्हणजे आदर्श स्थितीतही ४० टक्के दारू वायू होतच नाही. प्रत्यक्षात परिस्थिती आणखी वाईट असते. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या ब्रिटिश संशोधकांनी १८७० च्या दशकात बंद पोलादी पात्रांत दारू जाळून उरलेले पदार्थ तोलले. तेव्हा निम्म्याहून अधिक वजन स्थायूंचे निघाले. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग पोटॅशियमशी संयोग पावून कार्बोनेटच्या रूपात अडकतो, गंधकाचा काही भाग सल्फेट होऊन बसतो.

उरलेला निम्म्याहून कमी भाग गोळीला ढकलतो. एक ग्रॅम दारूपासून सामान्य दाबाला व शून्य अंश सेल्सिअसला पाव लिटरहून थोडा अधिक वायू मिळतो. आपल्या साडेचार ग्रॅमचा सव्वा लिटरच्या आसपास. पण जळताना तापमान दोन हजार अंशांच्या घरात असते, त्यामुळे तोच वायू आठपट, म्हणजे सुमारे दहा लिटर जागा मागतो. दारूने व्यापलेली जागा मात्र चमचाभर, पाच घनसेंटिमीटरहूनही कमी. जागेची ही मागणी दोन हजारपट आहे, आणि वाट मिळते ती फक्त गोळीच्या दिशेला.

दारूच्या दाण्यालाही महत्त्व आहे. पृष्ठभाग जितका अधिक तितके ज्वलन जलद, असा नियम. मग दारू पिठासारखी का नसते? याचे उत्तर साखरेच्या प्रयोगात सापडते. सारखे पाणी घेतलेल्या तीन पेल्यांत खडीसाखर, साधी साखर आणि पिठीसाखर सारख्याच वजनाची टाका, आणि ढवळू नका. खडीसाखर सर्वांत सावकाश विरघळते. पण पिठीसाखरेचेही गोळे होतात, आणि आतली साखर कोरडी राहते. दारूचे पीठही नळीत ठासले, की असेच घट्ट बसते. दाण्यांमध्ये फटी नसल्याने ज्योत आत शिरत नाही. दारूचे दाणे पाडण्याची पद्धत निघाली, तेव्हा तीच दारू अधिक जोरकस झाली.

धक्का आणि धूर

खांद्याला बसणारा धक्का हा न्यूटनचा तिसरा नियम. सव्वाअकरा ग्रॅमची गोळी सेकंदाला ५०० मीटर वेगाने पुढे गेली, तर चार किलोग्रॅमची बंदूक त्याच संवेगाने मागे आली पाहिजे. गुणाकार-भागाकार केला, की बंदुकीचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर येतो. वायू आणि धूरही पुढे फेकले जातात, म्हणून प्रत्यक्षात तो थोडा अधिक असतो. दस्ता खांद्याला घट्ट टेकलेला असेल, तर हा धक्का ढकलल्यासारखा जाणवतो. दस्ता आणि खांदा यांत अंतर राहिले, तर तोच धक्का आपटल्यासारखा लागतो.

ऊर्जेचा हिशेबही करून पाहावा. गोळीची गतिज ऊर्जा सुमारे १,४०० ज्यूल येते. एक ग्रॅम दारूतून साधारण ३,००० ज्यूल ऊर्जा निघते असे धरले, तर साडेचार ग्रॅममधून १३,५०० ज्यूल. म्हणजे गोळीच्या वाट्याला जेमतेम दहावा हिस्सा आला. बाकीची ऊर्जा नळी तापवण्यात, आवाजात, ज्वाळेत आणि धूर बाहेर फेकण्यात जाते. पहिल्या बाराने माणूस हादरतो, तो मुख्यतः या वाया गेलेल्या ऊर्जेने.

आणि धूर म्हणजे तोच निम्म्याहून अधिक स्थायू भाग. बाहेर पडताना हे क्षार अतितप्त असतात. थंड हवेत येताच त्यांचे अतिसूक्ष्म कण होतात, ते प्रकाश विखुरतात आणि पांढरा पडदा तयार होतो. वारा नसेल, तर आपली गोळी कुठे लागली हे पाहायला थांबून राहावे लागते. जिथे शेकडो बंदुका एकदम उडत, तिथल्या रणांगणाची कल्पना यावरून करावी. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली नायट्रोसेल्युलोजपासून जवळजवळ पूर्णपणे वायू होणारी दारू तयार केली, तेव्हा हा पडदा उठला.

काजळी, चरबी आणि १८५७

स्थायूंचा काही भाग नळीतच चिकटतो. चार-सहा बारांनंतर गज जड जाऊ लागतो, गोळी अडखळते. बंदूक धुवायला लागते ते साधे गरम पाणी, कारण हे क्षार पाण्यात विरघळतात. पाणी काळे होते, आणि सल्फाइडमुळे हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजेच सडक्या अंड्यांचा, वास सुटतो. त्यात असलेले पोटॅशियम कार्बोनेट म्हणजे चुलीच्या राखेतला, भांडी घासताना उपयोगी पडणारा क्षारच. तो हवेतले पाणी शोषून घेतो. म्हणून बंदूक न धुता ठेवली, तर नळी गंजते.

ही काजळी ही सैन्यांची मोठी अडचण होती. रायफलचा नेम चांगला, कारण गोळी खाचांत घट्ट बसते. पण घट्ट गोळी काजळी धरलेल्या नळीत ठासायची कशी? फ्रेंच अधिकारी क्लोद मिनिए यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळीने १८४० च्या दशकाच्या अखेरीस यावर तोड काढली. गोळी नळीपेक्षा किंचित लहान, म्हणून ती सहज आत जाते. आणि तिचे बूड पोकळ, म्हणून बार उडताच ते वायूच्या दाबाने फुगून खाचांत रुतते. ब्रिटिशांची १८५३ सालची एन्फील्ड रायफल याच तत्त्वावरची. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, आणि गोळी त्याहून जेमतेम एक शतांश इंचाने लहान.

या एवढ्याशा फटीत काजळी साचली, की गोळी पुन्हा अडकणार. म्हणून कागदी काडतुसाचा गोळीकडचा भाग चरबी आणि मेण यांच्या मिश्रणात बुडवलेला असे. चरबीने गोळी सरकते आणि काजळी मऊ राहते. दारू कागदाच्या दुसऱ्या टोकाला. एका हातात बंदूक धरलेली असल्यामुळे सैनिकाने ते टोक दातांनी फाडावे, दारू नळीत ओतावी, आणि चरबी लावलेल्या कागदासकट गोळी ठासावी, अशी कवायत होती.

ही चरबी गायीची आणि डुकराची आहे, अशी बातमी जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथून पसरली. २४ एप्रिलला मेरठ येथे तिसऱ्या घोडदळाच्या ८५ स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. त्यांना कैदेची शिक्षा झाली, आणि १० मे रोजी मेरठ पेटले. उठावाची कारणे खोल होती. खालसा केलेली संस्थाने, सैनिकांमधला असंतोष, धर्म बुडवण्याची भीती, हे सारे आधीपासून साचत आले होते. तरीही काडतुसाला चरबी मुळात का लागत होती, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे: निम्म्याहून अधिक दारू वायू होत नाही, म्हणून.

शिक्षकांसाठी

दारू तयार करणे हा शाळेतला प्रयोग नव्हे. हे मिश्रण घर्षणाने किंवा एखाद्या ठिणगीनेही पेटू शकते. थोड्या प्रमाणात केले तरी त्याने बोटे आणि डोळे गेल्याची उदाहरणे आहेत, आणि परवान्याविना ते करणे कायद्यानेही गुन्हा आहे. लोखंडाचा कीस, साखरेचे तीन पेले आणि वर दिलेले हिशेब एवढ्यावर या विषयाचा बहुतेक भाग वर्गात उभा राहतो. लोखंडाच्या कीसाचा प्रयोग शिक्षकांनीच करावा, मुलांना अंतरावर बसवावे.

त्यानंतर इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून एक तास घ्यावा, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. फळ्यावर 'काडतुसाला चरबी का?' एवढाच प्रश्न लिहावा. मुलांना चरबीपासून काजळीपर्यंत, काजळीपासून सल्फाइड-कार्बोनेटपर्यंत आणि तिथून समीकरणापर्यंत उलट चालत जाऊ द्यावे.